१५३ की ११३? एका पोलोच्या ४० घोड्यांचा हिशोब

मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही सहा गाड्या घेऊन चाकणच्या अलीकडे एका वर्कशॉपमध्ये डायनो करायला, म्हणजे मशीनवर गाडीची पॉवर मोजायला गेलो होतो. तिथे जे झालं ते नीट मांडून ठेवावं असं वाटलं, कारण त्या दिवशी एक मुलगा अक्षरशः रडायच्या बेताला आला होता आणि त्याची गाडी पूर्ण ठणठणीत होती.

आधी गाड्या सांगतो. माझी पोलो जीटी टीएसआय (टर्बो पेट्रोल), १.२ लिटर, डीएसजी म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवाली, पूर्ण स्टॉक (कंपनीतून आली तशी), कंपनीचा आकडा १०५ पीएस (पीएस आणि बीएचपी ही घोड्यांची, म्हणजे पॉवरची मापं). एका काकांची २०१४ ची सिटी पेट्रोल मॅन्युअल, ११९ पीएस. सांगलीहून पहाटे निघून आलेली एक स्विफ्ट डिझेल, ७५ पीएसवाली, वर ट्यूनिंग बॉक्स लावलेली. एक ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०. नाशिकच्या एका ताईंची पोलो १.० टीएसआय मॅन्युअल, ११० पीएस, स्टॉक. आणि हे प्रकरण ज्याचं आहे त्या मुलाची, म्हणजे आयटीत दोन वर्षं झालेल्या आमच्या पोलोवाल्याची, तीच १.० टीएसआय मॅन्युअल, पण स्टेज वन रीमॅप केलेली, म्हणजे पॉवर वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदललेली.

त्याने डिसेंबरमध्ये दुसऱ्या एका ठिकाणी रीमॅप करून घेतला होता आणि तिथल्या डायनोचा प्रिंट त्याच्याकडे होता, १५३. तो प्रिंट त्याने लॅमिनेट करून ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवला होता. पाच महिने सगळ्यांना १५३ सांगितलेलं, घरी वडलांनापण सांगितलेलं, पगारातून साठवलेले पैसे होते ते.

सकाळी दहाला सुरुवात केली. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, पुढची चाकं जमिनीतल्या जाड रोलरवर चढवतात, गाडी चारही बाजूंनी स्ट्रॅपने बांधतात, समोर मोठा पंखा लावतात, आणि मग एका ठरलेल्या गिअरमध्ये (आमच्या मॅन्युअल गाड्यांना चौथा, कारण त्याचा रेशो साधारण एकास एकच्या आसपास येतो) कमी आरपीएमपासून रेव लिमिटपर्यंत पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबून एकच खेच. रोलरचं वजन माहिती असतं, तो किती पटकन वेग घेतो ते मोजलं की चाकाशी किती पॉवर आली ते निघतं. या मशीनला इंजिनची पॉवर दिसतच नाही हे डोक्यात पक्कं ठेवा, तिला फक्त चाकाशी आलेलं दिसतं, गिअरबॉक्स आणि शाफ्ट आणि टायर यांनी आपापलं खाऊन उरलेलं. कंपनीच्या ब्रोशरमधला आकडा मात्र इंजिन गाडीबाहेर काढून बेंचवर लावून मोजलेला असतो, क्रँकशी, म्हणजे इंजिनमधून बाहेर येणाऱ्या दांड्याशी.

पोलोवाल्याची गाडी चढली तेव्हा बारा वाजत आले होते, शेडमध्ये ३६ डिग्री. पहिली रन झाली, स्क्रीनवर ११३.

कोणी काही बोललं नाही. त्याने ऑपरेटरला विचारलं परत घ्या ना, घेतली, ११०. तिसरी घेतली, १०७. दर वेळी कमीच. त्याचा चेहरा असा उतरला की काकांनी हातातला चहा बाजूला ठेवला आणि त्याच्याजवळ गेले, म्हणाले, "अरे बाळा, गाडी आहे, मार्कशीट नाही. थांब जरा, गार होऊ दे तिला." तो म्हणाला, "काका, तुम्हाला नाय कळणार, ४० बीएचपीला चुना लावला मला त्यांनी."

इथे मी मध्ये पडलो, कारण तोपर्यंत दोन-तीन जण फोन काढून त्या ट्यूनरबद्दल लिहायला लागले होते, आणि मला वाटत होतं की आधी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघू, मग कोणाला काय म्हणायचं ते म्हणू.

बॉनेटवर तो लॅमिनेट केलेला प्रिंट ठेवला, मोबाईलचा टॉर्च मारला. वर मोठ्या अक्षरात १५३. खाली उजव्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात तीन गोष्टी होत्या ज्या त्याने पाच महिन्यांत कधी वाचल्या नव्हत्या. एक, पॉवर फ्लायव्हीलला. दोन, लॉस १५ टक्के. तीन, एसटीडी १.०९. मुख्य आकड्याचा सगळा उगम या तीन शब्दांत होता.

आता उलटा हिशोब करू. १५३ हा फ्लायव्हीलचा (क्रँकच्या टोकाचा, म्हणजे इंजिनचा) आकडा, म्हणजे चाकाशी मोजलेल्याला ०.८५ ने भागून आलेला. तो १५ टक्के लॉस कोणी मोजलेला नसतो, तो सॉफ्टवेअरमध्ये टाईप केलेला असतो, सगळ्या फ्रंट व्हील ड्राईव्ह गाड्यांना सरसकट तोच. १५३ गुणिले ०.८५, झाले १३०. म्हणजे २३ घोडे हे इथेच गेले, ते अंदाजाचे होते. (आणि टक्केवारीत लॉस धरणं हेच मला मुळात पटत नाही, कारण गिअरबॉक्समधलं तेल घुसळायला जे लागतं ते बऱ्यापैकी ठरलेलं असतं, इंजिनची पॉवर दीडपट केली म्हणून गिअरबॉक्स दीडपट खायला लागत नाही.)

मग १.०९. हा करेक्शन फॅक्टर. हवा पातळ असली, गरम असली की इंजिनला कमी ऑक्सिजन मिळतो, मग दोन गावांतले आकडे जुळावेत म्हणून मोजलेल्या आकड्याला एका प्रमाणित हवामानावर आणतात. त्याची दोन मापं जास्त दिसतात. एक एसएई जे१३४९, जे २५ डिग्री आणि ९९० मिलीबार कोरडी हवा धरतं. दुसरं जुनं, एसटीडी, जे साधारण साडेपंधरा डिग्री आणि समुद्रसपाटीचा दाब धरतं, म्हणजे जास्त चांगली हवा, म्हणून त्याच्यावर आकडा एसएईपेक्षा दोन-चार टक्के वर येतो. त्या डिसेंबरच्या प्रिंटवर एसटीडी होतं. १३० ला १.०९ ने भागलं की ११९. आणखी ११ गेले.

राहिले ११९. म्हणजे त्या दिवशी रोलरवर खरोखर मोजलेलं ११९, आणि आमच्याकडे स्क्रीनवर ११३, जे अनकरेक्टेड होतं कारण ऑपरेटर आधी कच्चा आकडाच दाखवतो. दोन कागदांमधला खरा फरक ६ चा होता.

हे ६ कुठे गेले हेपण त्याच्या तिन्ही रनमध्येच दिसत होतं. माझ्याकडे ओबीडीचा डोंगल (गाडीच्या सेन्सरचे आकडे मोबाईलवर दाखवणारा) होता, इनटेक टेम्परेचर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान, बघितलं. पहिल्या रनला ४४, दुसऱ्याला ५३, तिसऱ्याला ६१. रस्त्यावर गाडी ऐंशीच्या वेगात असते तेव्हा समोरून जी हवा येते तेवढी कुठलाच वर्कशॉपचा पंखा देत नाही, आणि इंटरकूलर (टर्बोची गरम हवा गार करणारा) कसलाही असो, शेवटी त्याला थंड करणारी समोरचीच हवा. टर्बोतून निघालेली हवा गरम राहिली की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजिन वाचवायला टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, आकडा पडतो. डिसेंबरच्या सकाळी २२ डिग्री आणि मे महिन्यातली दुपार, एवढ्यात सहाचा फरक मला अजिबात जास्त वाटत नाही. काकांच्या सांगण्याप्रमाणे बॉनेट उघडून, पंखा लावून वीस मिनिटं थांबलो आणि चौथी रन घेतली, ११२. तेव्हा त्या मुलाने पहिल्यांदा पाण्याची बाटली उघडली.

पण प्रकरण इथे संपलं नाही, खरा विषय याच्या पुढेच आहे. कारण त्याने बरोबर प्रश्न विचारला, "ठीकय दादा, ११९ आणि ११३ एकच धरू, पण मग मला रीमॅपने मिळालं काय? ब्रोशर ११०, त्यांचा कागद १५३, म्हणजे ४३ वाढले असं मी समजत होतो."

याचं उत्तर नाशिकच्या ताईंच्या गाडीत होतं. तेच इंजिन, तोच गिअरबॉक्स, तोच रोलर, तोच दिवस, तोच चौथा गिअर, टायरमध्ये हवापण आम्ही सारखी करून घेतली. ताई म्हणाल्या, "माझी घ्या की, त्यासाठीच तर आणलीये." त्यांची स्टॉक गाडी, कच्चा आकडा ९४.

११३ वजा ९४, १९. चाकाशी १९ घोडे वाढले. हा मला त्या पूर्ण दिवसातला सगळ्यात भरवशाचा आकडा वाटतो, कारण यात कोणी लॉस धरलेला नाही, कुठलं हवामान दुरुस्त केलेलं नाही. आणि ९४ वर १९ म्हणजे एका लिटरच्या इंजिनला चांगली वाढ आहे, रीमॅप नीट केलेला आहे. मग ४३ कुठून आले? तर ताईंची स्टॉक गाडी डिसेंबरमध्ये त्या दुसऱ्या डायनोवर गेली असती तर थंडीमुळे ९९ च्या आसपास आली असती, गुणिले १.०९, भागिले ०.८५, झाले १२७. म्हणजे त्या पद्धतीने पूर्ण स्टॉक गाडीसुद्धा १२७ दाखवते! रीमॅपने त्या कागदावर वाढवले २६, उरलेले १७ हे ब्रोशरशी तुलना केल्यामुळे फुकटात दिसत होते.

माझी त्या ट्यूनरवर तक्रार एवढीच आहे आणि ती मी ठामपणे करतो, त्यांनी रीमॅपच्या आधीची रन घेतली नव्हती. आकडा खोटा नव्हता, कोपऱ्यात सगळं छापलेलं होतं. पण आधीची रन घेतली नाही म्हणजे गिऱ्हाईक आपोआप ब्रोशरशी तुलना करणार हे त्यांना माहिती असतं. पैसे मोजणाऱ्या माणसाला आधी आणि नंतर, दोन्ही रेघा एकाच ग्राफवर मिळाल्या पाहिजेत, यात काही अवघड नाही, पंधरा मिनिटांचं काम आहे.

आता सिटीवाल्या काकांकडे वळतो, कारण या करेक्शनच्या भानगडीचा सगळ्यात सुंदर नमुना त्यांच्या गाडीने दाखवला. काकांची सिटी कच्ची ९१. काका शांत माणूस पण जरा लागलं त्यांना, ११९ ची गाडी ९१ वर. ऑपरेटरने एसएई करेक्शन लावलं, त्या वेळचा फॅक्टर १.०९, झाले ९९. ०.८५ ने भागलं तर ११६.५ बीएचपी. ११९ पीएस म्हणजे साधारण ११७ बीएचपी (पीएस जरा लहान घोडा आहे, १०० पीएस म्हणजे ९८.६ बीएचपी, ब्रोशर एकात आणि डायनो दुसऱ्यात हा घोळपण नेहमीचा). म्हणजे अकरा वर्षं जुनी गाडी ब्रोशरला जवळजवळ चिकटून. काकांनी सर्व्हिसचं प्रत्येक बिल फाईलमध्ये लावलेलं आहे, ते उगाच नाही.

मग माझी जीटी टीएसआय. डीएसजीला मॅन्युअल मोडमध्येपण पाय पूर्ण खाली दाबून ती शेवटची कळ लागली की गिअर खाली पडतो आणि रन वाया जाते, पहिली तशीच गेली. दुसरी आली ८८. करेक्शन लावून ९६, ०.८५ ने भागून ११३. ब्रोशर १०५ पीएस, म्हणजे १०४ बीएचपी. लगेच मागून आवाज, "बघा, जर्मन लोक आकडा कमीच सांगतात!" हे वाक्य मी गेली दहा वर्षं ऐकतोय आणि मीपण बोललोय. पण ताईंच्या गाडीचंही तेच, ९४ चं करेक्शन करून १०२, भागून १२० बीएचपी, ब्रोशर १०८. दोन्ही टर्बो गाड्या ब्रोशरच्या वर आणि सिटी बरोबर ब्रोशरवर, असं का?

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर आहे. इथे हवेचा दाब ९५० मिलीबारच्या आसपास, मुंबईत १०१० च्या आसपास. सिटीचं इंजिन साध्या श्वासाचं, म्हणजे बिनटर्बोचं आहे, हवा पातळ तर तेवढा दम कमी, तिला करेक्शन लावणं रास्त, कारण तिचे घोडे खरंच पातळ हवेने खाल्लेत. टर्बो गाडीत तसं नाही. ईसीयूला मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीत) ठरलेला दाब हवा असतो, बाहेरची हवा पातळ असली तर तो वेस्टगेट (टर्बोला बगल देणारी झडप) जास्त वेळ बंद ठेवतो, टर्बो जास्त जोरात फिरवतो आणि बहुतेक तूट तिथेच भरून काढतो. म्हणजे नुकसान गाडीने स्वतःच भरलंय, आणि वर आपण करेक्शन लावून तेच नुकसान दुसऱ्यांदा भरतो. एसएईचं प्रमाणच सांगतं की ज्या इंजिनात बूस्ट (टर्बोचा दाब) असा अ‍ॅब्सोल्यूट दाबावर चालतो त्याला बाहेरच्या दाबाचं करेक्शन लावायचं नाही, पण वर्कशॉपमध्ये सॉफ्टवेअरला कोणती गाडी चढलीये ते कळत नाही, ते सगळ्यांना सारखंच गुणतं. करेक्शन काढून टाका, माझे ८८ भागिले ०.८५, झाले १०३.५. ब्रोशरचे १०४. ताईंचे ११०.६, ब्रोशरचे १०८. बसलं बरोबर.

म्हणून माझं म्हणणं आहे की पुण्यात टर्बो पेट्रोल रोलरवर चढवली तर कच्चा आकडा मागा, आणि बिनटर्बोची चढवली तर एसएईवाला मागा, आणि कागदावर दोन्ही छापून घ्या, काही जास्त पैसे लागत नाहीत. आणि करेक्शन दिवसभर एकच राहत नाही हेपण बघा, आमच्याकडे सकाळी दहाला १.०८ होतं, दुपारी दोनला १.१०. ज्या सेन्सरवरून हे येतं तो भिंतीवर लावलेला असतो, त्याच्यावर ऊन पडत असेल तर सगळ्या गाड्यांना घोडे वाटले जातात.

व्हीआरएस आणि स्विफ्टचं फार सांगत नाही. व्हीआरएसचे टायर रोलरवर घसरले आणि ग्राफच्या शेवटी एक सुळका आला २३१ चा, मालकाला तोच घ्यायचा होता, पण घसरलेल्या चाकाचा सुळका म्हणजे पॉवर नव्हे, स्ट्रॅप आवळून परत घेतली तर कच्चे १९४ आले. सांगलीवाल्याच्या स्विफ्टने धूर काढला आणि ७७ दिले, तो खुश होऊन जेवायला गेला.

संध्याकाळी पोलोवाल्याने त्या ट्यूनरला फोन लावला, भांडायला नाही, डिसेंबरच्या रनची मूळ फाईल मागायला. त्यांनी काही न बोलता पाठवली हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. अनकरेक्टेड, चाकाशी, ११९.३. आमचा बॉनेटवरचा हिशोब जुळला याचा मला जेवढा आनंद झाला त्यापेक्षा त्याला जास्त झाला. त्याने ते लॅमिनेट काढलं नाही, मागच्या बाजूला पर्मनंट मार्करने लिहिलं, "११३ कच्चे, चौथा गिअर, ३६ डिग्री, स्टॉकपेक्षा १९ जास्त," आणि परत ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवलं.

काकांचा फोन जूनच्या पहिल्या आठवड्यात आला, पाऊस लागायच्या आधी. त्यांची मुलगी खारघरला असते, तिच्याकडे गेले होते आणि तिथल्या जवळच्याच एका डायनोवर, त्याच कंपनीच्या मशीनवर, सिटी चढवून आले. कच्चे ९६. फॅक्टर १.०३. करेक्शन लावून ९९, पुण्यात होते तेच. "अरे घाट उतरल्यावर पाच घोडे परत आले रे," म्हणाले, आणि मग मागे मुलीचा आवाज, की बाबा सकाळपासून हेच सांगतायत. आता त्यांचं म्हणणं आहे की मी माझी टीएसआय घेऊन तिकडे यावं, म्हणजे तिचा कच्चा आकडा जागचा हलतो का तेपण बघता येईल. गणेशोत्सवाच्या आधीचा रविवार ठरवलाय.